जिप्सीची उतरलेली दारं: ड्रायव्हरची बाजू झाली, मागचं दार बाकी

ड्रायव्हरच्या बाजूचं दार आता वर न उचलता बंद होतंय. जिप्सीवाल्यांना यातला आनंद वेगळा सांगायला नको.

गाडी १९९९ची मारुती जिप्सी एमजी ४१३, कार्ब्युरेटरवाली, हार्डटॉप, एमएच ०८ पासिंगची. बरीच वर्षं किनाऱ्याजवळ उभी होती. इंजिन निरोगी राहिलं, पण त्या हवेत बिजागऱ्या गंजाने फुगलेल्या आणि त्यावर रंगाचे थरावर थर. दार बंद करताना लॉकची बाजू धरून उचलायची आणि मगच ढकलायचं, अशी अवस्था होती.

अशा दाराला गॅरेजमध्ये बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो: खांबावरचा स्ट्रायकर, म्हणजे लॉक ज्यात अडकतं तो तुकडा, ढिला करून खाली सरकवतात. दार लागतं, गिऱ्हाईक खूश. पण दाराचं वजन बिजागरीने पेलायचं असतं, स्ट्रायकरने नाही. स्ट्रायकर खाली नेला की लॉक तिरकं घासतं, चौकटीचं रबरी बीडिंग एकाच कोपऱ्यात दबतं आणि पावसात पाणी आत येतं. माझं मत पक्कं झालंय: पहिल्यांदा स्ट्रायकर काढून बाजूला ठेवायचा. तो नसताना दार उघड्या चौकटीत सरळ बसलं, तरच काम झालं म्हणायचं.

दोष कुठे आहे ते आधी बघायला हवं. दार अर्धवट उघडून लॉकच्या टोकाला धरून वर-खाली हलवायचं आणि दुसऱ्याने बिजागरीवर बोट ठेवायचं. पिनेजवळ हालचाल जाणवली तर पिन झिजलीय. अख्खी बिजागरी खांबासकट हलली तर पत्रा तडकलाय किंवा सडलाय, आणि ते वेल्डिंगचं काम. माझ्याकडे पुढे दोन्हीकडे पिनाच होत्या. आणि झीज थोडी म्हणून सोडून देण्यासारखी नसते. समजा दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंमी अंतर आहे आणि लॉक बिजागऱ्यांपासून १ मीटर अंतरावर आहे. वरच्या आणि खालच्या बिजागरीत मिळून एक मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर लॉकपाशी दार अडीच मिलिमीटर उतरतं.

आता स्क्रूंची गोष्ट, कारण सगळा जीव तिथेच जातो. माझ्या गाडीत बिजागऱ्या चपट्या डोक्याच्या प्लस स्क्रूंनी बसवल्यात. गाडी मूळची सुझुकीची, त्यामुळे हे प्लस जपानी मापाचे, म्हणजे जेआयएस. साधा फिलिप्स बिट जोर लावला की खाचेतून वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस बिट खाचेत तळापर्यंत बसतो. आधी टोकदार सुईने खाचेतला रंग पूर्ण खरवडला, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, मग हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घेतला. पहिले एक-दोन ठोके आवळायच्या दिशेने द्या, नंतर सोडायच्या. गंजाची पकड अशीच तुटते. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा फायदा असा, की ठोका बसतो त्याच क्षणी बिट खाचेत दाबलाही जातो आणि फिरतोही. त्यानेही जे हलले नाहीत त्यांना गॅस टॉर्चची ऊब दिली. बीडिंग आणि आतलं कव्हर आधी काढून ठेवलं होतं, आणि रंग पुन्हा मारायचाच होता. एकाचं डोकं ड्रिलने उडवावं लागलं. बिजागरीचं पातं निघाल्यावर स्क्रूचा उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने सहज फिरला, कारण ताण डोक्यामुळेच होता. नंतर सगळ्या भोकांत टॅप फिरवून आटे साफ केले.

पिना काढल्या तेव्हा मधोमध कंबर पडलेली दिसली आणि पात्यांची भोकं अंडाकृती झालेली. इथे कोल्हापुरात असल्याचं सुख आहे. उद्यमनगरात लेथवाला शोधावा लागत नाही, निवडावा लागतो. माझ्या डोक्यात गनमेटलचे बुश, म्हणजे भोकात बसवायच्या छोट्या नळ्या, होत्या, पण टर्नरने व्हर्नियर लावून दाखवलं की बुश घातल्यावर भोकाभोवती पुरेसा पत्रा राहणार नाही. त्याऐवजी दोन्ही पाती रीमरने एका मापात मोठी केली आणि ईएन ८ पोलादाची थोडी जाड पिन लेथवर कातून घेतली. पिन खांबाकडच्या पात्यात घट्ट, दाराकडच्या पात्यात हाताने फिरेल इतकी सैल. दोन्हीकडे सैल ठेवली तर ती हळूहळू वर सरकते.

आणि बहुतेक जण सोडतात ती पायरी: वरच्या आणि खालच्या पिनेची रेष एक आहे का? पिना घालण्याआधी दोन्ही बिजागऱ्या खांबावर लावून एक लांब सरळ सळई दोन्ही भोकांतून पार केली. खाली ती अडत होती. पात्यामागे पातळ शिम, म्हणजे पत्र्याचा तुकडा, दिली तेव्हा सळई अलगद गेली. रेष चुकली तर नव्या पिनाही कडकच फिरतात आणि लोक तेल ओतत बसतात.

दार चढवताना जॅकवर लाकूड, त्यावर जाड कापड. पुठ्ठ्याचे सारखे तुकडे चौकटीच्या फटीत अडकवून आधी वरची, मग खालची बिजागरी आवळली. बीडिंग या वेळी लावू नये, त्याच्या दाबाने अंदाज चुकतो. स्ट्रायकर सगळ्यात शेवटी. स्क्रूंना ग्रीस लावलं, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला ठोकाठोक नको. पिनेला मात्र वरून ग्रीस थापू नका, धूळ चिकटून तिचीच कानस होते. पातळ तेलाचे दोन थेंब आणि फडक्याने पुसणं पुरे.

क्लीनरच्या बाजूचं दारही याच पद्धतीने झालं, तिथे झीज कमी होती.

मागच्या दाराचं दुखणं वेगळं आहे. स्टेपनी त्याच्यावरच टांगलेली, आणि आधीच्या मालकाने मूळ २०५/७० आर१५ऐवजी मोठे मड टायर बसवलेले. खराब रस्त्यावर प्रत्येक खड्ड्याला ते वजन बिजागरीला झटका देतं. तिथे पिना चांगल्या आहेत, पण वरच्या बिजागरीखाली पत्र्याला केसासारखी तडा गेलीय. तडेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवायची, मग आतून पट्टी वेल्ड करायची, असं ठरवलंय. वेल्डिंगआधी बॅटरीचं टर्मिनल काढायचं. पट्टी दोन मिमीची घ्यावी की तीन, यावर अजून विचार चालू आहे. फार जाड पट्टीच्या कडेला नवी तडा जाते, म्हणून माझा कल दोनकडे आणि पट्टी लांब ठेवण्याकडे आहे. तोवर स्टेपनी मागच्या सीटच्या जागी बांधून ठेवलीय.