एका ‘बद्दल’चे तीन वाटे

आपल्याकडे आभार मानायचे तर ‘बद्दल’, अभिनंदन करायचं तर ‘बद्दल’ आणि दिलगिरी व्यक्त करायची तरी ‘बद्दल’च. मदतीबद्दल आभार, निवडीबद्दल अभिनंदन, उशिराबद्दल दिलगिरी. अमळनेरच्या कुठल्याही सत्काराच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाचं निम्मं काम या एका शब्दावर निभावतं. इंग्रजीत गेलं की भाऊबंदकीसारखे त्याचे वाटे पडतात: थँक यू ‘फॉर’, काँग्रॅच्युलेशन्स ‘ऑन’, आणि सॉरीला कधी ‘फॉर’ तर कधी ‘अबाउट’.

मी इंग्लंडात लेस्टरला आल्यापासून गावाकडचे इंग्रजी मेल तपासायचं खातं माझ्याकडे आलंय. बहिणीचा फोन ठरलेला: ‘भाऊ, पोऱ्याना मेल देखी ले जरासा.’ पोऱ्या म्हणजे माझा भाचा. शिरपूरला इंजिनिअरिंगला आहे, पुढच्या शिक्षणासाठी इकडच्या प्राध्यापकांना मेल लिहितोय. व्याकरण त्याचं बरं आहे. अडतं ते या चिमुकल्या शब्दांपाशी, आणि इंग्रजीतली अदब नेमकी तिथेच बसलेली असते.

सगळ्यात जपायचं ते ‘सॉरी’ला. इथे ऑफिसात कुणाच्या घरी मयत झाली की पाकिटातून एक कार्ड फिरतं, प्रत्येकाने त्यावर एकेक ओळ लिहायची. आपण खान्देशात दारावर जातो, घटकाभर बसतो, फार बोलावंही लागत नाही. इथे ते सगळं त्या ओळीत मावायला हवं. ओळ ठरलेली आहे: ‘आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस’. आमच्याकडे नवीन लागलेला भुसावळचा एक मुलगा कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आला. कागदावर आधी कच्चं लिहून आणलं होतं: ‘आय फील सॉरी फॉर यू’. भावना सोळा आणे खरी, पण ऐकणाऱ्याला वाटावं की हा आपली कीव करतोय. ‘फॉर’च्या पुढे माणूस आला की दया होते, ‘लॉस’ आला की सांत्वन. ‘सॉरी अबाउट युअर डॅड’ही चालतं. एरवी ‘सॉरी फॉर’च्या पुढे बहुधा आपण केलेली गोष्ट येते, म्हणजे उत्तराला केलेला उशीर वगैरे, आणि शेजारच्या खोलीत ड्रिल चालू असेल तर ‘सॉरी अबाउट द नॉइज’. ही रेघ काही पक्की नाही, साहेब लोकही इकडचं तिकडे करतात.

दुसरी जागा ‘ऑफ’ आणि ‘फॉर’ची. कुणी आपलं काम केलं तर म्हणायचं ‘दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू’ किंवा ‘गुड ऑफ यू’. यात चांगुलपणा समोरच्याचा, तुमचा. मराठीत षष्ठी, अहिराणीत ‘तुमना’, हिशोब तोच. भाच्याने एका प्राध्यापकांना लिहिलं होतं: ‘इट इज गुड फॉर यू टू रिप्लाय’. म्हणजे ‘उत्तर देणं तुमच्या तब्येतीला चांगलं’! मी हसलो तर म्हणाला, ‘मामा, मग गुड फॉर यू कधी म्हणायचं?’ मित्राला नोकरी लागली तर खुशाल म्हण, म्हटलं. पण सूर सांभाळून. हेच दोन शब्द जरा लांबवून म्हटले की ‘बरं बुवा, मजा आहे तुमची’ असं ऐकू येतं. ‘नाइस फॉर यू’मध्ये तर हा वास जास्तच.

‘थँक्स टू’चंही तसंच. ‘थँक्स फॉर’ म्हणजे आभार. ‘थँक्स टू यू’ म्हणजे तुझ्यामुळे. हे खान्देशी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. ‘तुझ्या कृपेने पास झालो’ आणि ‘तुझ्या कृपेने गाडी चुकली’ हे दोन्ही आपण एकाच तोंडाने म्हणतो.

‘पर्यंत’ मात्र नोकरीच्या ठिकाणी भोवतं. ‘शुक्रवारपर्यंत पाठवा’ला इंग्रजीत ‘बाय फ्रायडे’, ‘शुक्रवारपर्यंत थांबा’ला ‘अंटिल फ्रायडे’. आपली मुलं दोन्हीकडे ‘टिल’ लावतात. ‘सेंड इट टिल फ्रायडे’ वाचून समोरचा बुचकळ्यात पडतो: रोज पाठवत राहायचं की काय, शुक्रवार उजाडेपर्यंत?

सवडीचंही एक आहे. ‘ॲट युअर कन्व्हीनियन्स’ म्हणजे तुमच्या सवडीने, ‘फॉर युअर कन्व्हीनियन्स’ म्हणजे तुमच्या सोयीसाठी. पहिलं पत्रात शोभतं, दुसरं दुकानाच्या पाटीवर. मधे ‘अर्लिएस्ट’ घातला की सवड संपली, लवकर करा असा अर्थ. तगादाच तो, पण इस्त्री केलेला.

बाकीच्याचा फार बाऊ करू नये. ‘काँग्रॅच्युलेशन्स फॉर’ लिहिलं म्हणून कुणी रागावत नाही. ‘लुकिंग फॉरवर्ड टू’च्या पुढे ‘हिअर’ नको, ‘हिअरिंग’ हवं, एवढं पाठ करून टाकावं. ‘वीकेंड’ला ब्रिटनमध्ये ‘ॲट’ लागतो, अमेरिकेत ‘ऑन’. तेव्हा अर्ज कुठे करताय ते बघून ठरवा. भाच्याने दोन्हीकडे केलेत, आणि मजकूर एकच चिकटवलाय. तो बदलायची मी तसदी घेतली नाही. ‘प्लीज डू द नीडफुल’ तेवढं काढायला लावलं, कारण ते वाक्य इकडच्यांना कुठल्याही शब्दयोगी अव्ययासह कळत नाही.