आमची वाटचाल : वजनकाट्यापासून सभासदाच्या मोबाइलपर्यंत

गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर करणारी आमची छोटी फर्म कोल्हापुरात आहे. काट्यावरून लिटर घ्यायचे, मशीनवरून फॅट-एसएनएफ (दुधातली चरबी आणि चरबीशिवायचे घन घटक) घ्यायचं, दरपत्रकाप्रमाणे रक्कम काढायची आणि पावती छापायची, एवढंच सुरुवातीचं काम. मग एका सचिवांनी विचारलं, "पावत्या हरवतात आणि दहा दिवसांनी बिलाला भांडणं होतात. दूध घातलं की लगेच मेसेज जाईल का?"

तेव्हा आम्ही संस्थेच्या संगणकाला जीएसएम मॉडेम (मोबाइल नेटवर्कवरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र) जोडला आणि त्यात साधं सिमकार्ड घातलं. मॉडेमशी बोलण्याच्या आज्ञा 'एटी'ने सुरू होतात. आधी टेक्स्ट मोड लावायचा, मग नंबर, मग मजकूर आणि शेवटी कंट्रोल-झेड. हे सगळं लायब्ररी, म्हणजे आयता लिहिलेला कोड, करायची, आम्ही फक्त फंक्शनला हाक मारायचो. पण २०११ मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामक संस्थेने) एका सिमवरून दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली आणि थोड्याच दिवसांत ती २०० केली. टेलिमार्केटिंगचा उच्छाद थांबवायला ते योग्यच होतं. आमची पंचाईत झाली ती वेगळीच : ३०० सभासद, सकाळ-संध्याकाळ दोन पाळ्या, म्हणजे रोजचे ६०० मेसेज. मॉडेम कपाटात गेले आणि आम्ही बल्क एसएमएस पुरवठादाराकडे वळलो.

त्यांच्या लायब्ररीत मेसेज पाठवायचा कोड चार ओळींचा. नवीन मुलं कामाला लागली की पहिल्याच दिवशी स्वतःच्या मोबाइलवर मेसेज पाठवून खूश होतात. खरं काम तिथून पुढे.

पहिला प्रश्न लांबीचा. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०. त्यातही मात्रा, अनुस्वार, पायमोड सगळे वेगळे मोजले जातात. आपल्या लेखी 'म्हैस' दोन अक्षरी, यंत्राच्या लेखी पाच. ७१वं अक्षर आलं की दोन मेसेजचे पैसे. आणि इंग्रजी मजकुरात नुसतं ₹ हे चिन्ह टाकलं तरी अख्खा मेसेज ७०च्या हिशोबात जातो, कारण ते जीएसएमच्या मूळ वर्णमालेत नाही. आमचा मेसेज असा ठरला : '१२/०६ स म्हैस ७.५लि फॅट ७.० एसएनएफ ९.१ रु.४१२.५०'. हे ४८ झाले. एक जागा सोडली की संस्थेच्या नावाला उरले २१. 'सहकारी दूध व्यावसायिक संस्था मर्यादित' ही नुसती शेपटीच ३७ची! नाव तोडायला चेअरमन तयार होईनात. शेवटी दोन मेसेजचा महिन्याचा खर्च कागदावर मांडला, तेव्हा सही मिळाली.

दुसरा प्रश्न दुहेरी मेसेजचा. आपण मेसेज पाठवला, पण तो मिळाल्याचं पुरवठादाराचं उत्तर वेळेत आलं नाही, तर तो गेला की नाही? लायब्ररीला आपोआप पुन्हा पाठवायला सांगितलं तर सभासदाला दोन मेसेज मिळतात आणि दूध दोनदा चढलं असं त्याला वाटतं. म्हणून प्रत्येक नोंदीला आमचा स्वतःचा क्रमांक असतो. उत्तर अडलं की आधी त्या क्रमांकाची स्थिती विचारायची, मगच पुढचं. 'स्वीकारला' म्हणजे 'पोहोचला' नव्हे. पोच येईपर्यंत आमच्या पडद्यावर नोंद पिवळीच राहते.

मग डीएलटी आलं, म्हणजे व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची ऑनलाइन व्यवस्था. ट्रायच्या २०१८च्या नियमांप्रमाणे संस्था, सहा अक्षरी हेडर (मेसेजवर दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव) आणि मेसेजचा साचा, तिन्हींची नोंदणी लागते. बदलता आकडा जिथे येईल तिथे साच्यात तशी खूण करायची. बाकी मजकुरात एखादा पूर्णविराम इकडचा तिकडे झाला तरी मेसेज वाटेतच गळू शकतो. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी सुरू झाली, तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती पुढे ढकलावी लागली. तोवर आमच्या बहुतेक संस्थांचे कागद पूर्ण होते, कारण सचिवांकडून पॅन आणि अधिकारपत्र गोळा करायला आमची माणसं आधीच गावं फिरत होती. कोड लिहिणाऱ्यांपेक्षा त्या दिवसांत मोटारसायकलवाले जास्त उपयोगी पडले, हे खरं.

आता दिवाळीच्या फरक बिलाचा (वर्षभराच्या दुधावर सभासदाला मिळणाऱ्या जादा रकमेचा) साचा आम्ही गणपतीआधीच मंजुरीला टाकतो. काही संस्था व्हॉट्सअ‍ॅप मागतात, तेही दिलंय. पण पहाटे धार काढून किटली घेऊन येणाऱ्या बऱ्याच मावश्यांकडे अजून बटणांचाच फोन आहे, त्यामुळे एसएमएस बंद करायचा विषय कुठल्याच संस्थेनं काढलेला नाही.