नान्नजच्या माळावरचा वणवा: जाळरेषा, ब्लोअर आणि शेणाचा पो

वणव्याचा हंगाम कागदावर १५ फेब्रुवारीला सुरू होतो आणि १५ जूनला संपतो. सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजच्या माळावर मात्र खरं काम नोव्हेंबरातच लागतं, कारण जाळरेषा (आग अडावी म्हणून गवत आधीच कापून-जाळून मोकळे केलेले पट्टे) तेव्हा पडल्या नाहीत तर मार्चमध्ये कितीही माणसं आणा, ती आगीच्या मागे पळत राहतात. हंगामी फायर वॉचर, म्हणजे आगीवर नजर ठेवून ती विझवणारा माणूस, म्हणून यंदा पहिल्यांदा जे येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. इथलं माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, तेव्हा क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं. पुढे आखणी बदलून ते १,२२२ वर आलं. हा एकसंध पट्टा नाही. वनखात्याचं गवत, शेजारी ज्वारी, पलीकडे ऊस, मध्ये गायरान, असे तुकडे आहेत. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्राच्या मानाने हद्द लांब, आणि आग बहुतेक वेळा हद्दीवरूनच आत येते. पाचट पेटवलं, बांध जाळला, विडीचं थोटूक टाकलं, वाऱ्याने विजेच्या तारा एकमेकींना घासल्या. ‘जाळलं की पावसात गवत जोमात येतं’ ही समजूतही अजून आहे. जळालेल्या जागी कोंब लवकर दिसतात हे खरं, पण तोवर उन्हाळ्याचा चारा गेलेला असतो. टिटवी आणि धाविक उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर अंडी घालतात, तीही त्यात जातात.

जाळरेषेची पद्धत अशी. गवत नुकतंच पिवळं पडायला लागलं की दोन समांतर पट्टे विळ्याने मुळापर्यंत कापायचे, प्रत्येकी एक ते दीड मीटर रुंद. मधला तीनेक मीटरचा पट्टा उभाच ठेवायचा आणि कापलेलं गवत त्यातच ओढायचं. आठ-पंधरा दिवसांत मधलं वाळतं. मग दव सुकल्यावर, सकाळी वारा पडलेला असताना, वनरक्षक हजर असेल तरच, पन्नास ते शंभर मीटरच्या टप्प्यांत जाळायचं. पेटवणारा एक, दोन्ही कडांना दोन-दोन माणसं, मागे एक ब्लोअर, म्हणजे पाठीवर घ्यायचं जोराने हवा फेकणारं यंत्र. आग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालवायची म्हणजे ती हळू सरकते. एक टप्पा पूर्ण विझल्याशिवाय पुढचा पेटवायचा नाही. इथे चूक होते ती कापणीत: बाहेरच्या पट्ट्यात कुसळी गवताचा एखादा झुबका राहतो आणि आग त्यावरून उडी मारते.

रेषा एकदा पडली की काम संपलं असं नाही. फेब्रुवारी-मार्चात कडुनिंबाची पानं गळतात, ग्लिरिसिडियाची त्याआधीच गळायला लागतात. लागवडीलगतच्या रेषा त्या पाल्याने पुन्हा भरतात आणि आगीला आयता पूल मिळतो. दर आठ-दहा दिवसांनी दाताळ्याने झाडून काढाव्या लागतात. हे काम कुणाच्या नजरेत भरत नाही, म्हणून ते सगळ्यात आधी मागे पडतं.

आता प्रत्यक्ष आग. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांची काडी इतकी बारीक असते की हवेतला कोरडेपणा तासाभरात तिच्यात उतरतो. पहाटे दमट असलेलं गवत पेटता पेटत नाही, तेच अकरानंतर काडी लावायचा अवकाश. म्हणून अकरा ते पाच या वेळात टेहळणीच्या मनोऱ्यावरची जागा रिकामी सोडायची नाही. आग दिसल्याचा उपग्रहाचा एसएमएस येतो, पण त्यावर विसंबू नका. सुओमी एनपीपी हा उपग्रह दुपारी दीडच्या आसपास आणि रात्री दीडच्या आसपास वरून जातो. तीन वाजता लागून चारला संपलेली गवताची आग त्याला दिसतच नाही. त्याच्या एका ठिपक्याचा आकार ३७५ मीटर, त्यामुळे निरोप आला तरी नेमकी जागा धूर पाहूनच शोधावी लागते.

आगीला तोंड असतं, दोन बगला असतात आणि शेपूट असतं. वारा जिकडे नेतो ते तोंड, तिथेच ज्वाळा सर्वांत उंच. नवा माणूस धावतो तो नेमका तोंडासमोर, आणि तिथेच भाजतो. काम शेपटाकडून सुरू करायचं. जळालेल्या काळ्या जागेत पाय ठेवून एका बगलेने पुढे सरकायचं आणि तोंड निमुळतं करत आणायचं. माणसं पुरेशी असतील तर दोन्ही बगलांनी. काळी जागा पुन्हा पेटत नाही, म्हणून पळायची वाट कायम तिकडेच ठेवायची.

ब्लोअरची नळी ज्वाळेच्या शेंड्यावर धरून उपयोग नाही. ती बुडाशी, तिरकी धरायची, म्हणजे पेटतं गवत काळ्या बाजूला फेकलं जातं. उलट बाजूने मारलं तर तोच ब्लोअर ठिणग्या कोऱ्या गवतात पेरतो. दोन ब्लोअर पाच-सात पावलांच्या अंतराने आणि मागे झोडप्याचा, म्हणजे ओल्या फांदीने आग दाबणारा, एक माणूस, एवढी जोडी कमरेएवढ्या ज्वाळेपर्यंत पुरते. ज्वाळा त्याहून उंच झाली तर मागे हटून पुढच्या रस्त्यावर किंवा रेषेवर आग गाठायची. पाठीवरच्या ब्लोअरचं वजन दहा किलोच्या घरात जातं, तो दर वीस मिनिटांनी हातबदल करून चालवा. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. १:५० असेल तर लिटरला २० मिली. ऑइल कमी पडलं की पिस्टन जाम होतो, आणि तो नेमका आगीसमोर होतो. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका. काळ्या जागेत मागे या, थोडं थंड होऊ द्या, मग भरा.

झोडप्याला कडुनिंबाची किंवा करंजाची ओली, दीड-दोन मीटरची दाट पानांची फांदी घ्या. धुणं बडवल्यासारखी ती डोक्यावर उचलून आपटायची नाही, त्याने ठिणग्या उडतात. दाबायची, क्षणभर तशीच धरायची आणि काळ्या बाजूला ओढायची. पानं करपली की फांदी बदला.

ज्वाळा संपल्यावर सगळे पाण्याच्या कॅनकडे वळतात, आणि खरी चूक तिथेच होते. या माळावर गुरं आणि मेंढरं फिरतात, त्यामुळे गवतात वाळलेल्या शेणाचे पो पडलेले असतात. वरून राखाडी, थंड दिसणारा पो उलटा केला की पोटात लाल निखारा असतो. धूर जवळजवळ नसतो, ज्वाळा तर नसतेच. तो असाच तासन्‌तास धुमसतो. दुपारी वावटळ उठली की त्याचा तुकडा उडतो, कडेच्या कोऱ्या गवतात पडतो, आणि माणसं चौकीवर भाकरी खात असताना माळ दुसऱ्यांदा पेटतो. काळ्या पडलेल्या जमिनीवर वावटळी जास्त उठतात हेही लक्षात ठेवा.

म्हणून कडेपासून आत दहा-पंधरा मीटरपर्यंत रांगेने चालायचं आणि प्रत्येक पो काठीने उलटायचा. निखारा दिसला तर फोडून मुरमात कालवायचा. नुसती माती वर टाकली तर तो आत जिवंत राहतो. बाभळीच्या आणि हिवराच्या जुन्या खोडांचंही तसंच: बुडाशी खणून बघा, जवळ उलटा हात धरून ऊब तपासा, पाणी असेल तर ते इथे वापरा. ज्वाळांवर पाणी उधळण्यापेक्षा एका खोडात ओतलेलं पाच लिटर जास्त कामाचं.

अंगावर सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चामड्याचे बूट. नायलॉनचं टी-शर्ट किंवा ट्रॅकपँट वितळून कातडीला चिकटते. तोंडाला सुती रुमाल कोरडाच बांधा. ओल्या रुमालातली वाफ चटका देते. इथे आगीपेक्षा उन्हाचा धोका मोठा आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, त्यात समोर जाळ. तासाला किमान एक लिटर पाणी, सोबत ओआरएस किंवा लिंबू-मीठ-साखर. माणूस बरळायला लागला, पावलं अडखळली, तर तो थकलाय असं समजू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात हलवा.

मे महिन्यात वळवाचे ढग दिसले की आणखी सावध राहायचं. पाऊस पडायच्या आधी सुटणारा वारा दिशा बदलतो आणि शांत बगल पाहता पाहता तोंड बनते. अशा वेळी कोऱ्या गवतात कुणी उभं राहायचं नाही.

हद्दीवरच्या शेतकऱ्यांशी बोलणं हाही कामाचाच भाग आहे. अभयारण्यात आग लावणं वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३० खाली गुन्हा आहे, पण पहिल्याच भेटीत कलम सांगणाऱ्याला पुढच्या वेळी कुणी फोन करत नाही. पाचट कुट्टी करून सरीत दाबता येतं हे सांगा. जाळणारच असतील तर संध्याकाळी, वारा पडल्यावर, कडेने नांगराच्या दोन रेघा ओढून आणि आधी कळवून जाळा म्हणा. वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये तिथेच भरून द्या. फोन लवकर आला तर दोन ब्लोअरवर आग मिटते.

हंगामी माणसाची रोजची मजुरी वेळेवर मिळाली पाहिजे, हेही सांगायला हवं. पो उलटायची सवय अंगी लागायला अख्खा हंगाम जातो. असा शिकलेला माणूस मजुरी थकली म्हणून पुढच्या वर्षी बांधकामावर गेला, तर त्याची जागा नवीन ब्लोअर भरून काढत नाही.

दुसऱ्या दिवशीची फेरी पहाटे मारा. गार हवेत धुराची बारीक रेघही लांबून दिसते. मग दुपारी दोनला, वारा सुटल्यावर, त्याच कडेने पुन्हा एकदा. हातात काठी हवीच.