जिन्नस कोणता? : आमची कांद्याची पहिली रॅक

रेल्वेच्या मालधक्क्यावर पहिल्यांदा चौकशीला गेलो तेव्हा मी विचारलं, "बिहारात दानापूरला माल पाठवायचाय, टनाला काय पडेल?" खिडकीपलीकडच्या साहेबांनी मानही वर केली नाही. "जिन्नस कोणता?" म्हटलं, कांदा. "मग तसं सांगा ना. नुसता 'माल' आमच्याकडे जात नाही."

आमचं कांदा व्यापाराचं खळं लासलगाव बाजाराच्या जवळ. इतकी वर्षं सगळा कांदा ट्रकनेच गेला. ट्रकवाला वजन विचारतो आणि गाव विचारतो. वर कांदा आहे की मका, ताडपत्री तीच. रेल्वेचं मात्र सगळं जिनसापासून सुरू होतं. डबा कोणता मिळणार, दर कोणता लागणार, भरायला किती तास आणि रांगेत नंबर कुठे, सगळं त्या एका शब्दावर.

डब्यांचं मला लवकर उमगलं, कारण मनमाडच्या बाजूला ये-जा करताना ते डोळ्यांखालून जातच होते. कोळसा उघड्या बॉक्स-एन डब्यांत, नाहीतर तळाची दारं उघडून रिकामे होणाऱ्या बॉबर डब्यांत. पेट्रोल-डिझेल टाक्यांत. नव्या मोटारी जुन्या प्रवासी डब्यांत फेरफार करून केलेल्या एनएमजीमध्ये. सिमेंट, खत, साखर, धान्य आणि आमचा कांदा, हे सगळे बंद बीसीएन डब्यांचे गिऱ्हाईक. रेल्वेच्या एकूण मालात जवळजवळ निम्मा कोळसाच असतो, त्यामुळे कांदा म्हणजे त्यांच्या वहीतली एक बारीकशी ओळ. हे साहेबांनी मला जरा जास्तच आवडीने समजावलं.

दराचंही तसंच. प्रत्येक जिनसाला एक वर्ग असतो. १०० हा पाया धरायचा. २०० वर्गाचा जिन्नस असेल तर भाडं दुप्पट. अंतर तेच, डबा तोच, पण आत काय आहे त्यावर पैसे. मामांना हे शेवटपर्यंत पटलं नाही. "इंजिनाला काय कळतंय आत काय भरलंय ते?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं मला अजूनही वाटत नाही.

देवळालीहून दानापूरला ७ ऑगस्ट २०२० रोजी शेतमालाची पहिली किसान रेल सुटली, तिच्यात आम्ही थोडा कांदा दिला होता. पण ते पार्सल. थोडकाच माल असला तरी चाले, काही महिन्यांनी भाड्यात ५० टक्के अनुदानही मिळू लागलं, आणि आपल्या गोण्या दुसऱ्याच्या डाळिंबाशेजारी. नंतर ते अनुदान थांबलं. आता अख्खी रॅक, म्हणजे पूर्ण मालगाडीच मागायची, तर ४२ डबे, अंदाजे १६०० टन, ५० किलोच्या ३२ हजार गोण्या. एकट्याच्या आवाक्यातलं नव्हे. चार व्यापारी एकत्र आलो, मागणी नोंदवली, अनामत भरली आणि वाट बघत बसलो. रॅक देतानाही क्रम असतो: लष्कराचा माल आधी, मग सरकारी धान्यासारखं निकडीचं. आमच्यासारख्यांचा नंबर त्यामागून.

रॅक लागली ती रात्री सव्वादोनला, भाद्रपदात, भुरभुर पावसात. फोन आला तेव्हा आमचे निम्मे ट्रक अजून खळ्यावर रिकामे उभे होते. ही आमची पहिली चूक.

मुकादम आधी हात धरून डब्यात घेऊन गेला. "भाऊ, दार लावा." आत गडद अंधार. "आता वर बघा." छतात तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढा उजेड. मालधक्क्यावरच्या दिव्याचा. जिथं उजेड येतो तिथून पाणी येणार. त्या जागांखाली गोण्या लावायच्या नाहीत म्हणून त्याने खडूने फुल्या मारल्या. पुढच्या डब्यात पाय ठेवला तर बुटाखाली करकर. मागच्या खेपेचा युरिया. दोन्ही कोपऱ्यांत ओलावा धरून पांढरा थर बसलेला. कांद्याला तो लागला तर दानापूरला डबा उघडताच वास येईल. अकरा डबे झाडून घेतले, दोन पोत्यांनी पुसले. त्यात पाऊण तास गेला. घड्याळ तर रॅक लागली तेव्हापासूनच चालू होतं.

बीसीएनची रॅक भरायला नऊ तास मिळतात, त्यापुढे दंड. म्हणजे तासाला साडेतीन हजार गोण्यांच्या वर. कांद्याच्या थप्प्यांत हवेला वाट सोडावी लागते, छतापर्यंत दाबून भरता येत नाही. म्हणून डब्यात साधारण ३८ टनच बसतो. सिमेंट असतं तर याच डब्यात त्याहून कितीतरी जास्त गेलं असतं. दारंही पूर्ण बंद करायची नव्हती. दारात बांबू आडवे बांधले, आणि दार उघडं ठेवण्याची जोखीम आमची, असं फॉरवर्डिंग नोटवर, म्हणजे माल पाठवण्याच्या अर्जावर, लिहून दिलं.

सव्वाअकराला वेळ संपली तेव्हा चार डबे बाकी होते. मी निर्धास्त होतो. चार डब्यांचा दंड असून असून किती असणार? शेवटची गोणी चढली एकला पाच कमी असताना. साहेबांनी हिशोब मांडला: डब्याला तासाला १५० रुपये, गुणिले ४२, गुणिले दोन. बारा हजार सहाशे.

"साहेब, अडतीस डबे तर वेळेत भरले."

"चार डबे सोडून गाडी सुटते का?"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. एक तास चाळीस मिनिटांचे दोन तास कसे, एवढं फक्त विचारलं. तासाचा तुकडाही पूर्ण तास धरतात.

दंडमाफीचा अर्ज दहा दिवसांच्या आत द्यावा लागतो. मी तिसऱ्या दिवशी दिला. युरियाच्या थराचे मोबाइलवर काढलेले फोटो जोडले, पावसाचंही लिहिलं, ट्रक उशिरा आले ते मात्र लिहिलं नाही. थोडी रक्कम माफ झाली.

दानापूरच्या पार्टीचा फोन आला: माल कोरडा, खडूच्या फुल्यांखालच्या जागा ओल्या. पुढच्या मागणीच्या वेळी मी खिडकीशी गेलो आणि त्यांनी विचारायच्या आधीच म्हटलं, "कांदा, साहेब. बीसीएन. आणि जमलं तर खताची नको, धान्याची रिकामी झालेली द्या." ते हसले. ती आली सिमेंटची.