गोलॉइड अपडेट: बुडबुड्याने तीन शनिवार खाल्ले

अखेर मॉर्गनची (माझा जुना अमेरिकी डॉलर, 90 टक्के चांदीचा) पाण्यात बुडवून काढलेली घनता 10.30 आली!! थिअरीने 10.31 यायला हवी, म्हणजे आता आपली पद्धत सरळ आहे असं म्हणायला हरकत नाही.

मागचं आठवत असेलच, क्लबातल्या आजोबांकडे 1878 चा अमेरिकी पॅटर्न डॉलर (चलनात आणण्याआधी नमुना म्हणून पाडलेला) आहे, स्लॅबमध्ये म्हणजे तपासून सीलबंद केलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात नसलेला, आणि तो खरंच गोलॉइड (चांदीत थोडं सोनं मिसळलेला मिश्रधातू) की नुसती चांदी हे बघायचंय. नाण्यावर 1 G. 24 S. .9 FINE 258 GRS. (1 भाग सोनं, 24 भाग चांदी, दोन्ही मिळून 90 टक्के, वजन 258 ग्रेन म्हणजे 16.7 ग्रॅम) असं छापलंय खरं, पण छापलेलं आणि आत असलेलं एकच असेल असं पॅटर्नच्या बाबतीत मी तरी धरून चालत नाही. हबेलसाहेबांनी चांदीत सोनं घालून पेटंट घेतलं पण डोळ्यांना फरकच दिसत नाही, सगळी गोची तिथेच. गणित केलं तर सोनं जेमतेम 3.6 टक्के, घनता 10.48 आणि साध्या 90 टक्के चांदीची 10.31. एवढ्या वजनाच्या नाण्याने सारलेल्या पाण्यात फरक पडतो 0.026 ग्रॅमचा! माझा जुना काटा 0.01 चा, म्हणजे दोन-तीन आकड्यांवर निकाल लावायचा, वेडेपणा नुसता.

म्हणून 0.001 चा काटा मागवला. तो 50 ग्रॅमपर्यंतच घेतो, त्यामुळे काचेचा ग्लास बाद, मग चटणीची प्लास्टिकची छोटी डबी आणि त्यात 30 मिली पाणी, त्यात मॉर्गन उभा बुडत नाही म्हणून मासेमारीच्या दोऱ्याने आडवा लटकवला (सुती दोरा नको, पाणी पितो). सारलेल्या पाण्याचा आकडा 2.621 ग्रॅम, नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता 10.11. परत केलं, 10.14. पाणी बदललं, उकळून गार केलं, तापमानाची दुरुस्ती लावली, तरी तेच. काटा पाठवणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, सोबत दिलेलं कॅलिब्रेशनचं वजनही हलकं निघालंय पण तो विषय वेगळा.

काल डबी खिडकीशी धरून खालून बघितलं तर गरुडाच्या पंखाखाली हा एवढा बुडबुडा! नाणं आडवं सोडलं की खाली हवा अडकते, साधी गोष्ट. आता कडेने तिरकं घालतो, पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, आणि मग आडवं करतो. आकडा 2.572, म्हणजे 10.30. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली चटणीची डबी परत दे.

आजोबांचा डॉलर पुढच्या शनिवारी येतोय, पण साबणाचं पाणी त्याला लावायचं का? माझा मॉर्गन आधीच झिजलेला, त्याचं काही नाही. सराफाच्या कसोटीवर घासायचा तर प्रश्नच नाही, एक ओरखडा पडला तर आजोबा मला क्लबातून काढतील.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं, मॅग्नेट स्लाइड! चुंबकांवरून घसरताना नाण्यात वीज फिरते आणि तीच त्याला ब्रेक लावते. चांदीत सोनं मिसळलं की वीज वाहायची क्षमता पडते, म्हणजे चुंबकांच्या उतारावरून गोलॉइड साध्या चांदीपेक्षा जोरात घसरायला पाहिजे, आणि पाण्याचा थेंबही लागणार नाही. तुलनेला त्याच वजनाचा आणि आकाराचा चांदीचा तुकडा मात्र लागेल. मॉर्गन चालणार नाही, तो मुळात 26.73 ग्रॅमचा (माझा झिजून जरा कमी) धोंडा आहे. 16.7 ग्रॅमचा गोल, 90 टक्के चांदी, कोणाकडे आहे का काही?