तीन कॉलम हवे होते, दोनांवर निभावलं

भाषांतराचं काम करता करता माझ्याकडे एक शब्दसूची साठली आहे. साधी टेक्स्ट फाइल. एका ओळीत एक नोंद: आधी इंग्रजी शब्द, मग टॅब, मग मराठी प्रतिशब्द. डिप्रिशिएशन – घसारा, ऑडिट – लेखापरीक्षण, लाएबिलिटी – दायित्व, असं चालू. फाइल १,२४० ओळींची झाली तेव्हा वाटलं, ही कागदावर हवी. स्क्रीनवर शोधलेला शब्द सापडतो, पण शेजारचा दिसत नाही, आणि मला बरेचदा शेजारचाच हवा असतो.

नोटपॅडमधून प्रिंट दिली. २५ पानं आली. पानावर डावीकडे शब्दांची एक बारीक पट्टी, बाकी अर्ध्याहून जास्त कागद कोरा. मग प्रत्येकजण करतो तेच केलं: प्रिंटच्या खिडकीत ‘एका कागदावर ४ पानं’ निवडलं. कागद वाचले, पण अक्षरं निम्म्या आकाराची झाली. ११ पॉइंटचा टाइप साडेपाचवर आला. गंमत म्हणजे कोरी जागा तशीच राहिली, फक्त एका मोठ्या कोऱ्या जागेच्या चार छोट्या झाल्या. तेव्हा डोक्यात शिरलं की पानं शेजारी शेजारी छापणं वेगळं आणि मजकूर कॉलमांत वाहवणं वेगळं. पहिल्यात पान आक्रसतं, दुसऱ्यात मजकूर पहिला कॉलम भरून दुसऱ्यात जातो आणि अक्षर आहे तेवढंच राहतं. मला दुसरं हवं होतं, वर्तमानपत्रासारखं. आणि का कोण जाणे, तीनच कॉलम हवेत हे मनात पक्कं बसलं होतं.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये हे पाच मिनिटांत होतं, हे आधीच सांगून टाकते. मजकूर चिकटवायचा, फॉरमॅट मेनूत कॉलम्स, संख्या ३, मध्ये रेघ हवी तर तीही मिळते. माझी फजिती झाली ती टॅबमुळे. अरुंद कॉलममध्ये टॅबनं प्रतिशब्द इतका उजवीकडे ढकलला की तो खालच्या ओळीत पडला. सगळे टॅब बदलून त्या जागी एक डॅश टाकला तेव्हा ओळी जागेवर आल्या. दुसरी अडचण शेवटच्या पानाची: पहिला कॉलम तुडुंब, दुसरा अर्धा, तिसरा रिकामा. पूर्ण पानाला कॉलम लावले की असंच होतं. मजकूर निवडून त्याचा सेक्शन केला आणि कॉलम त्या सेक्शनला दिले, तर ‘मजकूर सर्व कॉलमांत समान वाटा’ अशा अर्थाची एक खूण मिळते. ती केली की तिन्ही कॉलम सारख्या उंचीचे होतात.

एकदाच छापायचं असतं तर मी इथेच थांबले असते, आणि तुम्हालाही एकदाच छापायचं असेल तर थांबा. पण माझी यादी दर आठवड्याला वाढते. दर वेळी चिकटवा, टॅब बदला, सेक्शन करा, हे तिसऱ्या खेपेला नकोसं झालं. मला हवी होती एक आज्ञा: फाइल द्यायची, छापायला तयार पान घ्यायचं.

घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. तिथे ‘पीआर’ नावाचा प्रोग्रॅम आधीपासूनच असतो. हा भलताच म्हातारा आहे, लिनक्सचा पूर्वज असलेल्या युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या मॅन्युअलातही तो आहे. पान ६६ ओळींचं धरतो, कारण ११ इंची कागदावर इंचाला ६ ओळी. वर पाच ओळींचा मथळा, खाली पाच ओळी कोऱ्या, आणि रुंदी ७२ अक्षरं. वजाचिन्ह आणि ३ एवढं दिलं की तीन कॉलम. मी मोठ्या आशेनं फाइल दिली.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, जे उमटलं ते वाचताच येईना. तिसऱ्या कॉलमचे शब्द पहिल्याच्या डोक्यावर चढलेले, मधला गायब. दहा मिनिटं मी पीआरलाच दोष देत होते. दोष फाइलचा होता. ती विंडोजवर बनलेली, आणि विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन चिन्हं ठेवतं. त्यातलं पहिलं म्हणजे टाइपरायटरचा गाडा ओढून डावीकडे आणण्याचा हुकूम. एका ओळीत एकच नोंद असते तोवर हे चालून जातं. तीन नोंदी शेजारी ठेवल्या की पहिली नोंद संपताच गाडा मागे येतो आणि दुसरी तिच्याच अंगावर छापली जाते. हे चिन्ह काढून टाकणारा ‘डॉसटूयुनिक्स’ प्रोग्रॅम चालवला, ते चिन्ह गेलं, कॉलम सुटे झाले.

सुटे झाले, सरळ नाही झाले. इंग्रजी भाग शिस्तीत होता, पण जिथे देवनागरी होती तिथून पुढचा कॉलम कधी चार घरं अलीकडे, कधी सहा घरं पलीकडे. शिवाय लांब नोंदी कापलेल्या. कापण्याचं कारण सरळ होतं: ७२ ला तिनानं भागलं की प्रत्येक कॉलमला जेमतेम २३-२४ अक्षरं येतात, आणि एकाहून जास्त कॉलम असले की पीआर ओळ मोडत नाही, उरलेलं टाकून देतो. निमूटपणे टाकतो, हे वाईट. पहिल्या नजरेला पान छान दिसतं आणि मग लक्षात येतं की ‘आकस्मिक खर्चाची तरतूद’ यातली तरतूदच गेली आहे. रुंदी वाढवून ते सुटलं.

वाकडेपणा मात्र सुटेना. त्यामागचं कारण कळलं तेव्हा पुढचा सगळा मार्ग कळला. पीआर कॉलम बनवतो म्हणजे करतो काय, तर मोकळ्या जागा भरतो. पहिली नोंद इतक्या अक्षरांची, मग इतक्या स्पेस टाका, मग दुसरी नोंद. प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं, या हिशोबावर सगळं उभं आहे. टाइपरायटरच्या जगात ते खरंही होतं. देवनागरीत ‘कि’ ही संगणकाच्या लेखी दोन चिन्हं आहेत. ‘स्त्री’ मध्ये सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ई. कागदावर मात्र सहाही मिळून एकच अक्षर दिसतं. स्पेस मोजून ओळंबा लावायचा तर आधी मोजणी जुळायला हवी, आणि इथे ती जुळणारच नाही. मोनोस्पेस, म्हणजे प्रत्येक अक्षर सारख्याच रुंदीचं असलेला, फॉन्ट शोधण्यात मी एक संध्याकाळ घालवली, ती वाया गेली.

मध्ये एक आडवळण घेतलं. पुष्कळ ठिकाणी नावाजलेला ‘एटूपीएस’ हा छपाईचा प्रोग्रॅम बसवला. शुद्ध इंग्रजी फाइलला हा देखणा आहे: न सांगताच कागद आडवा करतो, दोन पानं शेजारी मांडतो, भोवती चौकट, वर फाइलचं नाव आणि तारीख. माझ्या यादीतलं इंग्रजी त्यानं सुरेख छापलं. मराठीच्या जागी टोप्या घातलेली रोमन अक्षरं आणि चलनांची चिन्हं रांगेनं उभी होती. यूटीएफ-८ या, संगणकात मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं (बाइट म्हणजे साठवणीचं छोटं एकक) असतं, आणि तो प्रत्येक बाइटला एक अक्षर समजून छापत होता. त्याचा भाऊबंद ‘एनस्क्रिप्ट’, त्याचीही तीच कथा. प्रोग्रॅमची सूची किंवा लॉग छापणाऱ्यांनी हे दोन्ही जरूर वापरावेत, आपल्या लिपीसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये. लांब ओळी आधी मोडून घ्याव्यात म्हणून ‘फोल्ड’ही करून पाहिलं. माझ्या मशीनवरचं फोल्डसुद्धा बाइटच मोजत होतं. साठावर मोड म्हटलं तर विसाव्या अक्षराच्या आसपास, आणि तेही अधूनमधून अक्षराच्या पोटातून कापायचं. कापलेल्या जागी चौकोनातलं प्रश्नचिन्ह.

शेवटी गाडी ‘पॅप्स’ या प्रोग्रॅमवर थांबली. हा पँगो नावाची अक्षरजुळणी करणारी लायब्ररी वापरतो, त्यामुळे जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी, रफार सगळं जागच्या जागी येतं. माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो कॉलम स्पेस भरून करत नाही. पानाची रुंदी मोजून भाग पाडतो आणि प्रत्येक कॉलम त्याच्या जागेवर स्वतंत्र आखतो. डावीकडची नोंद कितीही लांब असो, उजवीकडचा कॉलम हलत नाही. कॉलमची संख्या, कागद ए-४, फॉन्ट नोटो सान्स देवनागरी ९ पॉइंट, एवढं सांगितलं की झालं. निकाल थेट प्रिंटरला न देता आधी पीडीएफ करून बघायचा, ही सवय मी सतरा कागद फुकट घालवल्यावर लावून घेतली.

तीन कॉलम केले. दिसायला झकास. वाचायला घेतलं तर घोळ: उभ्या ए-४ मधून समास आणि कॉलममधली फट वजा केली की प्रत्येक कॉलमला साधारण ६ सेंटिमीटर येतात. त्यात २८-३० अक्षरं मावतात. माझ्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याच्या नोंदी त्याहून लांब. त्या दोन ओळींवर गेल्या, आणि खाली पडलेली ओळ डाव्या कडेपासूनच सुरू होत असल्यामुळे तीच नवी नोंद वाटायला लागली. ‘खर्चाची तरतूद’ हा एक स्वतंत्र शब्द होऊन बसला.

मग कागद आडवा केला. कॉलम रुंद झाले, पण देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार यांसाठी ओळ उंच लागते. ९ पॉइंटच्या अक्षराला १३ पॉइंटची ओळ. आडव्या पानात अशा ४१ ओळी बसल्या, तीन कॉलमांच्या मिळून १२३. सहज म्हणून उभ्या पानात दोन कॉलम करून पाहिले: ६० ओळी, दोनांच्या मिळून १२०. म्हणजे तीन ओळींचा फरक! एवढ्यासाठी मी आठवडाभर तिनाचा हट्ट धरून बसले होते. उभी पानं डावीकडे भोकं पाडून फाइलला लावता येतात, आडवी लावली की वाचताना मान वळवावी लागते. दोन कॉलम पक्के केले.

तरी चाळीसेक नोंदी दोन ओळींवर गेल्याच. त्यांच्यावर युक्ती लढवण्यापेक्षा हातानं दुरुस्ती केली: डॅशपाशी ओळ तोडली आणि प्रतिशब्द चार स्पेस आत सरकवला. त्यातल्या दहा-बारा नोंदींचा प्रतिशब्द उगाच लांबलचक होता असंही तेव्हाच दिसलं, ते छाटले.

आता तीन आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये आहेत: विंडोजची चिन्हं काढ, टॅबचा डॅश कर, पॅप्सला दे. फाइलचं नाव द्यायचं, पीडीएफ उघडते. पंचवीसऐवजी ११ पानं, दोन्ही बाजूंनी छापली की सहा कागद. पॅप्समध्ये शेवटचे कॉलम समान वाटण्याची सोय मला काही मिळाली नाही, त्यामुळे अकराव्या पानावर डावा कॉलम पूर्ण आणि उजव्यात वरच्या वीस ओळी. खालच्या मोकळ्या जागेत या आठवड्यात सात नवे शब्द पेननं लिहून झाले आहेत.