तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या घरी भूत कसं व्हायचं?

ऑक्टोबर लागला की फोन सुरू होतात. पूर्वी हा प्रश्न डिसेंबर-जानेवारीत, शाळांच्या गॅदरिंगच्या हंगामात यायचा. आता सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये हॅलोविन शिरल्यापासून ३१ ऑक्टोबरच्या आधीचा आठवडा त्यातच जातो. विचारणारी शेजारीण असो, एकांकिका बसवणारा कॉलेजातला मुलगा असो नाहीतर न्यू जर्सीतली माझी भाची, प्रश्न तोच: "भुताचा मेकअप घरी कसा करायचा? काय काय आणून ठेवू?" हौशी नाटकांच्या रंगपटात मी बरीच वर्षं चेहरे रंगवतेय, म्हणून मला विचारतात. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

आधी काहीच आणू नका. भूत कुणाचं, ते किती अंतरावरून दिसणार आणि उजेड कसला असणार, एवढं ठरवा. सामानाची यादी आपोआप लहान होते.

अंतराचा विचार कुणीच करत नाही. नाटकातला मेकअप दहाव्या रांगेसाठी असतो. तोच नट रंगपटात समोर येऊन उभा राहिला तर सोंग वाटतो. क्लबहाउसमध्ये लोक हातभर अंतरावर उभे असतात, वर मोबाइलचा फ्लॅश मारतात. तिथे कपाळावर ओढलेली काजळाची जाड रेघ ही रेघच दिसते, तिची सुरकुती होत नाही. घरचा मेकअप पातळ हवा, थोडा थोडा लावून बोटाने पसरवलेला.

उजेडाची गंमत तर करून बघण्यासारखी आहे. चेहऱ्यावर लाल लिपस्टिकने जखम काढा आणि लाल दिव्याखाली उभे राहा. जखम जवळजवळ पुसली जाते. हिरव्या दिव्याखाली गेलात की तीच काळी होऊन अंगावर येते. 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' या १९३१च्या कृष्णधवल सिनेमात कॅमेरा न थांबवता माणसाचा चेहरा बदलताना दिसतो, तो याच युक्तीने. नटाच्या चेहऱ्यावर रंग आधीपासूनच लावलेले होते, फक्त रंगीत काचा बदलत गेल्या. सोसायटीच्या कार्यक्रमात निळे-हिरवे एलईडी सोडलेले असतात. तासभर खपून केलेलं लालभडक रक्त तिथे डांबर दिसतं. तेव्हा आरशासमोरच्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवू नका. कार्यक्रम ज्या उजेडात आहे, त्या उजेडात एकदा बघून घ्या.

आता भूत कुणाचं? दहातले नऊ जण म्हणतात झॉम्बी. अहो, आपल्याकडे भुतांचा काय दुष्काळ पडलाय? मुंजा आहे, हडळ आहे, जखीण, समंध, खवीस, झोटिंग, कोकणातला पाण्यात राहणारा गिऱ्हा. प्रत्येकामागे एक गोष्ट आहे आणि मेकअप कसा करायचा ते ती गोष्टच सांगते. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधीच गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. त्याला रक्त कशाला? जानवं, शेंडी, कपाळावर गंध, आणि ओठांचा रंग तेवढा काढून घेतलेला. आठ-दहा वर्षांचा पोरगा असा नुसता कोपऱ्यात उभा राहिला तरी पुरे. गिऱ्हा करायचा तर केस ओले, तेल लावून कपाळाला चिकटवलेले, ओठ निळसर, नखांच्या मुळाशी जांभळट छटा. वेताळ आणि देवचार मात्र मी करून देत नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात ते गावाचे राखणदार आहेत, लोक त्यांना नारळ देतात. पार्टीत त्यांचं सोंग मला बरं वाटत नाही.

सगळ्यात कमी खर्चाची आणि सगळ्यात जास्त घाबरवणारी आपली हडळ. तिचे पाय उलटे, हे सगळ्यांना माहीत असतं, आणि मग लोक खोटे पाय करायला बसतात. कागदाचा लगदा, मोज्यात कापूस, जुन्या चपला उलट्या बांधणं. चालताना अडखळून पडतात. त्यापेक्षा पाय तसेच ठेवा, बाकीची बाई उलटी करा. ब्लाउज किंवा कुडता पाठीमागचा भाग पुढे आणून घाला. साडीच्या निऱ्या मागे, पदर पुढे पाठीवर सोडल्यासारखा. केस सगळे पुढे ओढून चेहऱ्यावर विंचरा, पुरेसे लांब नसतील तर गंगावन लावा. डोळ्यांपुरती फट केसांतच राहते. आता समोरच्याला दिसते ती एका बाईची पाठ, आणि त्या पाठीखाली त्याच्याकडे रोखलेली पावलं. खरी गंमत ती चालायला लागली की होते. पाठ आपल्या दिशेने येत राहते. हात मात्र सरळ खाली सोडायचे, कोपरात वाकवले की बिंग फुटलं. जिन्यावर जाऊ नका, आणि लहान मुलीला असं नटवू नका, तिला नीट दिसणार नाही.

इथे मेकअप करायचा तो पावलांना. मुलतानी माती धिरड्याच्या पिठाइतकी दाट कालवा, पावलांच्या वरच्या बाजूला आणि घोट्यापर्यंत लावा, पाय न हलवता वाळू द्या. पूर्ण वाळली की बोटं वरखाली करा. जिथे कातडीची स्वतःची घडी आहे बरोबर तिथेच माती तडकते. त्या भेगा कुंचल्याने काढायला गेलात तर जन्मात अशा जमणार नाहीत. मग कोरड्या ब्रशवर किंचित तपकिरी आयशॅडो घेऊन वरून फिरवा, तडे उठून दिसतात. तळव्यांना माती लावू नका, फरशीवर घसराल.

हे सगळं न करता "चेहराच हवा" म्हणणाऱ्यांसाठी आता चेहरा.

टाल्कम पावडरचा डबा कपाटात परत ठेवा. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर पांढरी पावडर थापली की भूत होत नाही, राखेत तोंड घातल्यासारखं दिसतं, आणि घाम आला की ओघळ उठतात. मुलांच्या नाकातोंडात जाते ते वेगळंच. मेलेला माणूस पांढरा नसतो. त्याच्या कातडीतली लाली गेलेली असते. आपल्यालाही तेवढंच करायचंय. नेहमीच्या फाउंडेशनपेक्षा एक-दोन छटा उजळ रंग घ्या, त्यात हिरव्या आयशॅडोची चिमूट मिसळा. हिरवा रंग लाली मारतो. ओठांवरही तेच फिरवा, आणि कानांच्या पाळ्या विसरू नका. चेहरा मेलेला आणि कान गुलाबी, हे माझ्याकडे दरवर्षी बघायला मिळतं.

पुढचं काम बोटांचं. आरशासमोर बसा आणि स्वतःची कवटी चाचपा. भुवईच्या हाडाखाली बोट आत जातं तो खळगा. दात घट्ट आवळले की कानशिलावर हलतं तिथे. गाल आत ओढले की हाडाखाली दरी पडते ती. फक्त याच जागी गडद रंग. गडद म्हणजे तपकिरी, त्यात थोडा जांभळा. काळा वापरू नका, तो गालावर दाढी वाटतो आणि डोळ्यांभोवती मार खाल्ल्यासारखा दिसतो. उलट हाडाच्या उंचवट्यावर फिकट रंगाचा एक हात. डोळ्यांच्या कडेला बाहेरून, पापणीच्या आत नव्हे, मरून रंगाची पुसट रेघ ओढली की माणूस आठ दिवस झोपला नसावा असं वाटतं. माझ्या मते इथे थांबावं. पण थांबवत नाही कुणाला.

मग जखम. "फेविकॉल लावू का?" हे विचारू नका, लाकडाचा डिंक तोंडाला लावत नाहीत. घरी जमणारी वस्तू म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारा पील-ऑफ फेस मास्क, वाळल्यावर साल निघते तो. तो कातडीसाठीच केलेला असतो आणि वाळला की पातळ पापुद्रा धरतो. मनगटावर किंवा गालावर एक थर द्या. टिश्यू पेपरची एकच पदर घ्या, कडा कात्रीने न कापता फाडून घ्या, म्हणजे कड कातडीत मिसळते. ती चिकटवा, वरून दुसरा थर, पंख्याखाली वाळू द्या. मध्ये सुईने नव्हे, नखाने फाडा आणि तोंडं थोडी उलटी वळवा. आतल्या बाजूला मरून, कडेला जांभळट, बाहेर कातडीचा रंग. भुवया, पापण्या, मिशी यांच्या जवळ लावू नका, केसांसकट निघेल. नाटकात आम्ही लिक्विड लॅटेक्स वापरतो, पण त्याला अमोनियाचा वास असतो आणि काही लोकांना लॅटेक्सची ॲलर्जी असते. मुलांसाठी ते नकोच. काहीही लावायचं असलं तरी आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका देऊन बघा.

रक्तासाठी बीट किसत बसू नका. बिटाचं रक्त गुलाबी होतं. केकच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, त्यात खायचा लाल रंग, एखादा थेंब निळा आणि चिमूटभर कोको पावडर. कोकोने पारदर्शकपणा जातो आणि रक्ताला वजन येतं. ताजं रक्त हवं असेल तर कोको कमी, जुनं हवं असेल तर जास्त. लावताना एवढंच लक्षात ठेवा, की रक्त वरून खाली वाहतं. कपाळावर जखम आणि ओघळ कानाकडे, असं असेल तर माणूस आडवा पडला होता. म्हणजे ओघळातूनही गोष्ट सांगता येते. खायचा रंग कातडीवर दोन दिवस राहतो, म्हणून खाली व्हॅसलीनचा हात द्या. आणि हे गोड असतं. गच्चीवर कार्यक्रम असेल तर मुंग्या येतात. आमच्या आजीला यातलं काही लागलं नसतं. ती पान खाऊन हसली की शेजारची पोरं पळायची.

मनाईची यादी छोटी आहे, पण ती पाळा. पोस्टर कलर आणि होळीचे रंग तोंडाला नकोत. देवघरातला शेंदूर तर नकोच, तो परंपरेने शिशाचा ऑक्साइड असतो, ओठांजवळ गेला की पोटात जाणार. मैत्रिणीच्या रंगीत लेन्स मागून घालू नका.

तरी प्रश्न उरतोच: "एवढंसंच? अजून काही नको?" त्यांना मी दशावतारातला संकासुर बघायला सांगते. सिंधुदुर्गातल्या जत्रेत रात्री तो येतो तेव्हा अंगावर काळा झगा, तोंडावर काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ. बस. तो वेद पळवणारा राक्षस आहे, बोलतो मात्र इतकं गमतीचं की थोरं हसत असतात, आणि त्याच वेळी पुढे बसलेली पोरं आयांच्या मागे लपतात. अख्ख्या काळ्यात एकच लाल वस्तू आणि ती चुकीच्या जागी. तुमच्या झॉम्बीच्या तोंडावर जखम, टाके, रक्त, निखळलेला डोळा, कोळ्याचं जाळं असं सगळं एकाच वेळी असतं, तेव्हा बघणाऱ्याला कुठे बघायचं ते कळत नाही, आणि तो घाबरायच्या ऐवजी "वा, किती मेहनत घेतलीय" म्हणतो. भुताला हे ऐकवणं म्हणजे अपमान आहे. चार गोष्टी सुचल्या तर तीन काढून टाका. उरेल ती सगळ्यात विचित्र असू दे.

उतरवायचं कसं, हे विचारायला लोक रात्री साडेअकराला फोन करतात, तोवर साबणाने घासून गाल लाल झालेला असतो. पाणी लावायचं नाही. खोबरेल तेल तळहातावर घ्या, चेहऱ्यावर चोळा, दोन मिनिटं थांबा, जुन्या सुती कपड्याने पुसा. रंगपटात आजही आम्ही हेच करतो. पील-ऑफची साल कडेने तेल सोडत सोडवा, ओढू नका. मुलतानी माती मात्र पाण्याने भिजवून काढायची, बादलीत पाय बुडवून, आणि ते पाणी बेसिनमध्ये नको, झाडांना घाला, नाहीतर दुसऱ्या दिवशी प्लंबरला फोन करावा लागेल. कानामागे आणि केसांच्या मुळाशी रंग राहतोच. त्या रात्री उशीला जुना अभ्रा घाला.